लेन्स विकताना चिठ्ठी मागावी का? (इंदूर, चष्म्याचं दुकान)

वैशाली_रामबाग

नमस्कार. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं चष्म्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता काउंटर मी सांभाळते आणि नंबरही मीच काढते, लग्नाआधी केलेला ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा इथे कामी आला. प्रश्न कॉन्टॅक्ट लेन्सचा आहे. चिठ्ठी दाखवल्याशिवाय कुणालाच लेन्स द्यायची नाही, असा नियम निदान आमच्या दुकानापुरता तरी करावा असं माझ्या मनात आहे. घरात यावरून दोन तट पडलेत. बाबा (सासरे) म्हणतात, "तू नाही दिलीस तर पोरगी रस्ता ओलांडून समोरून घेईल, आणि समोरचा तिला रात्री काढून ठेव एवढंही सांगणार नाही." यात तथ्य आहे, म्हणूनच इथे विचारतेय.

दुकानात काय होतं ते आधी सांगते. संध्याकाळी क्लास सुटले की भंवरकुआंकडची कोचिंगची मुलं येतात. "आंटी, माइनस साढ़े चार, मंथली, दोनों आँख सेम." मी चिठ्ठी मागितली की फोनमधला फोटो पुढे येतो, आणि तो हमखास चष्म्याच्या चिठ्ठीचा असतो. नंबर म्हणजे नंबर, काचेत घाला नाहीतर लेन्समध्ये, अशीच बहुतेकांची समजूत. तसं नसतं. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर चारच्या वर गेला की या अंतराने हिशेब बदलतो. चष्म्यात –६ असेल त्याला लेन्स –५.५० ची लागते, –८ वाल्याला –७.२५ ची. चष्म्याचा –६ बघून लेन्सही –६ चीच घेतली तर लांबचं लख्ख दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही. रात्री पुस्तक उघडलं की मात्र कपाळ ठणकायला लागतं. मुलं म्हणतात, परीक्षेचं टेन्शन.

त्यात सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेने लागणारा वेगळा नंबर, असला की आणखी गुंता. आणि बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सचा बाक, तो तर चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतोच, कारण चष्म्याला तो लागत नाही. ८.४ घ्यायची की ८.६, हे डोळ्यावर लावून बघितल्याशिवाय ठरत नाही. घट्ट बसलेली लेन्स सकाळी उलट जास्त आरामाची वाटते, हलत नाही ना! त्रास संध्याकाळी सुरू होतो. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला लागणारा ऑक्सिजन हवेतून, अश्रूंतून मिळतो. लेन्स हलली नाही तर तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात खरगोनकडची एक मुलगी आली. अंगात हॉस्टेलचा टी-शर्ट, डाव्या डोळ्यावर ओढणी धरलेली. लाली उतरायचे ड्रॉप आणि लेन्सचा नवा जोड द्या म्हणाली. उजेडाकडे बघवत नव्हतं तिला. टॉर्च तिरका धरून बघितलं तर बुबुळावर खालच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. कडा धुरकट. लेन्स ऑनलाइन मागवलेली, अभ्यास करता करता घालूनच झोपायची, डबी हॉस्टेलच्या नळाखाली विसळायची. मेडिकलवाल्याने आदल्या दिवशी एक ड्रॉप दिला होता, बाटली बघितली तर त्यात स्टेरॉइड. जखमेत जंतू असताना स्टेरॉइड म्हणजे त्यांना मोकळं रान. मी तिला ड्रॉपही दिला नाही आणि लेन्सही नाही. रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, वापरलेली लेन्स आणि डबी तशीच पिशवीत बांधून बरोबर घेतली, कारण जंतू कोणता आहे ते त्यावरूनही कळतं. जखम भरली. फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलं, पण कडेला राहिलं, बाहुलीच्या समोर नाही, म्हणून नजर वाचली.

त्या मुलीला लेन्स विकणाऱ्याने तिचा डोळा पाहिलाच नव्हता. पॉवरच्या यादीतून तिने आकडा निवडला आणि पार्सल दारात आलं.

आपल्याकडे लेन्स मेडिकल डिव्हाइसमध्ये मोडते. मेडिकल डिव्हाइसचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, २०२० मध्ये सगळीच मेडिकल डिव्हाइस औषध कायद्याखाली आली, २०२२ पासून विकणाऱ्यालाही नोंदणी करायची आहे. एवढं सगळं आमच्यासाठी. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर ही लेन्स कुणी लावून बघितली आहे का, हे काउंटरवर कुणीच विचारत नाही.

तर, मागावी का चिठ्ठी? आणि मागायची तर कोणती चालेल, किती जुनी चालेल? लेन्स वापरणाऱ्यांनीही सांगा, विकणाऱ्यांनीही.

---

निमाडी_माणूस

ताई, त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. पण तुमच्या नियमाला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे.

मी सेंधव्याला असतो, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नंबर –७ च्या आसपास, कॉलेजपासून लेन्स. नीट बघून लेन्स बसवून देणारा माणूस म्हणजे माझ्यासाठी इंदूर. बसने जायचं, नंबर लावून बसायचं, परत यायचं, दिवस मोडतो. दुकान बंद, तपासणीची फी वेगळी. डोळा तोच, नंबर तोच, कंपनी तीच, मग दर खेपेला कागद कशाला?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही चिठ्ठी मागणार, पण चिठ्ठी देतं कोण? इंदूरच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी लेन्स बसवून घेतली. ट्रायल झाली, सगळं छान झालं. हातात कागद आला त्यावर "सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स, दोन्ही डोळे" आणि खाली सही. पॉवर नाही, बेस कर्व्ह नाही, कंपनी नाही. विचारलं तर म्हणाले, "सिस्टीम में है, यहीं काउंटर से मिल जाएगा." काउंटरवरचा भाव ऑनलाइनपेक्षा चांगलाच चढा. शेवटी मला आकडे कुठून मिळाले? रिकाम्या पाकिटावरून. ते फेकलं असतं तर कायमचा त्यांच्या खुंटीला बांधला गेलो असतो.

उद्या चिठ्ठी सक्तीची झाली तर हेच दवाखाने खूश होतील. डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, गल्ला भरेल. आधी चिठ्ठी मिळण्याचा हक्क द्या, मग चिठ्ठी मागा.

---

एडिसनकर

मूळचा इंदूरचा, लोकमान्य नगरचा. आता न्यू जर्सीत. निमाडी दादांनी जे शेवटचं वाक्य लिहिलंय, नेमका तोच वाद इथे होऊन गेलाय, म्हणून लिहितो.

अमेरिकेत चिठ्ठीशिवाय लेन्स विकता येत नाही. पण पूर्वी डॉक्टर चिठ्ठी हातात द्यायचेच नाहीत, कारण लेन्स तेच विकायचे. २००३ मध्ये यावर कायदा झाला. लेन्स बसवून झाली की चिठ्ठीची प्रत पेशंटला द्यायचीच, त्याने मागितली नसली तरी. तिच्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, "आमच्याकडूनच घ्या" अशी अट घालायची नाही. २०२० मध्ये आणखी घट्ट केलं, चिठ्ठी मिळाल्याची पेशंटची सही डॉक्टरने जपून ठेवायची.

दुकानदाराने, मग तो ऑनलाइन का असेना, एकतर चिठ्ठी घ्यायची नाहीतर डॉक्टरकडे विचारणा पाठवून खात्री करायची. डॉक्टरने कामकाजाच्या आठ तासांत उत्तर दिलं नाही तर चिठ्ठी बरोबर आहे असं धरून दुकानदार माल पाठवू शकतो. डॉक्टर मुद्दाम अडवून ठेवतील म्हणून ही तरतूद. तिचा गैरफायदाही घेतला जातो, शुक्रवारी संध्याकाळी यंत्राच्या आवाजातला फोन येतो आणि दवाखान्यातल्या मुलीला काय म्हणतोय तेच कळत नाही, अशी डॉक्टरांची तक्रार असते.

चिठ्ठीची मुदत किमान एक वर्ष, काही राज्यांत दोन. डोळ्यात काही वैद्यकीय कारण असेल तरच डॉक्टर कमी मुदत लिहू शकतो, आणि ते कारण त्याला नोंदवून ठेवावं लागतं.

आणि हो, शून्य नंबरच्या रंगीत लेन्सलाही हाच नियम. २००५ पासून त्याही मेडिकल डिव्हाइस धरल्या जातात. त्याआधी त्या ब्यूटी पार्लरपासून रस्त्यावरच्या जुन्या बाजारापर्यंत कुठेही मिळायच्या.

तोटा सांगायलाच हवा. दर वर्षी तपासणीचे पैसे मोजावे लागतात, म्हणून इथे लोक दोन आठवड्यांची लेन्स दोन महिने ओढतात. आमच्या ऑफिसातला एक मुलगा उरलेली शेवटची जोडी डबीत जपून वापरतोय, अपॉइंटमेंटचे पैसे जमेपर्यंत. नियमाने लेन्स सुरक्षित झाली आणि महागाईने परत असुरक्षित झाली, हे मी डोळ्यासमोर बघतोय. तेव्हा वैशालीताई, अमेरिकेचं जसंच्या तसं उचलू नका. पण चिठ्ठी मागणं आणि चिठ्ठी देणं या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बांधल्या, ते मला पटतं.

---

मेकअप_ताई

मी ब्रायडल करते, सुदामा नगरला. तुमची पोस्ट वाचून गप्प राहवेना. लग्नसराईत नवरीला हेझल नाहीतर ग्रे लेन्स हवीच असते, फोटोंसाठी. काही पार्लरमध्ये एकच जोड सोल्यूशनमध्ये धुऊन चार नवऱ्यांना लावतात. माझ्याकडे हे चालत नाही, नवरीने स्वतःचा नवा जोड आणायचा, आधी घरी घालून बघायचा. पण "नंबर तर नाहीये, मग कसली चिठ्ठी" असं विचारलं की मला उत्तर देता येत नाही. काय सांगू त्यांना?

---

वैशाली_रामबाग

मेकअप ताई, नवरीला हे सांगा: चिठ्ठी नंबरासाठी नाही, डोळ्यावर काय बसवतोय त्यासाठी आहे. नंबर शून्य असला तरी बुबुळाचा बाक शून्य नसतो. रंगीत लेन्समध्ये रंगाचा थर असतो, बऱ्याच रंगीत लेन्स जुन्या पद्धतीच्या मटेरियलच्या असतात, त्यांतून ऑक्सिजन कमी जातो. वर मांडवातली धूळ, होमाचा धूर, हेअरस्प्रे, आणि रडणं. मुहूर्त सकाळचा आणि रिसेप्शन रात्रीचं असेल तर लेन्स किती तास डोळ्यात राहते बघा. डोळे कोरडे असणाऱ्या मुलीला, रांजणवाडी असलेल्या मुलीला मी सरळ नाही म्हणते. हे दहा मिनिटांच्या तपासणीत कळतं. एकीची लेन्स दुसरीला लावणं मात्र कुठल्याही सोल्यूशनने धुऊन चालत नाही, हे तुमच्या ओळखीच्या पार्लरवाल्यांना तुम्हीच सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

निमाडी दादा, तुमचं म्हणणं मला लागलं. असल्या अर्धवट चिठ्ठ्या मी रोज बघते. आमच्या धंद्यातलेही काही लोक कार्डावर कंपनीचं नाव मुद्दाम गाळतात, हे मी नाकारणार नाही. ज्याने ट्रायलचे पैसे दिले त्याचे आकडे त्याचेच आहेत. ते लपवणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

पण "डोळा तोच" हे मात्र मान्य नाही. डोळा तोच राहत नाही. वर्षानुवर्षं लेन्स घालणाऱ्याच्या पापण्यांच्या आतल्या बाजूला पुरळासारखे उंचवटे येतात, लेन्स वर सरकायला लागते. ऑक्सिजन कमी पडला तर बुबुळाच्या कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात. दुखत काहीच नाही. आरशातही दिसत नाही, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली दिसतं. –७ वाल्याने तर वर्षातून एकदा डोळ्याच्या मागचा पडदाही (रेटिना) बघून घ्यावा, जास्त मायनस नंबरात तो फाटायचा धोका जास्त असतो. मी तुम्हाला दर पाकिटाला कागद मागणार नाही. वर्षातून एकदा डोळा दाखवा म्हणेन. एवढं जास्त होतं का, खरंच सांगा.

---

ग्वाल्हेरची_ऑप्टो

ग्वाल्हेरला लष्कर भागात एका डोळ्यांच्या दवाखान्यात कॉन्टॅक्ट लेन्सचं काम बघते. वैशालीताईंशी बहुतांशी सहमत आहे. फक्त चिठ्ठीवर एवढी भिस्त ठेवू नका, कारण माझ्याकडे इन्फेक्शन घेऊन येणाऱ्यांत रीतसर चिठ्ठी असलेले पुष्कळ असतात.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आमच्या अभ्यासक्रमात तो शिकवतात. दिवसा घालून रात्री काढायच्या सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या दहा हजार लोकांत वर्षाला साधारण ४ जणांना बुबुळाचा अल्सर झाला. रात्रीही डोळ्यात ठेवायच्या लेन्सवाल्यांत हाच आकडा २१ च्या आसपास. पुढे सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या, त्यांतून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता झोपलं तरी चालेल. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या अभ्यासात झोपणाऱ्यांचा आकडा तरीही विशीतच राहिला. म्हणजे झोपणं हाच मोठा धोका, आणि झोपू नका हे कुठल्याही चिठ्ठीवर आपोआप लिहिलेलं येत नाही. ते बसवून सांगावं लागतं.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाचं, बोअरचं, टाकीचं, आरओचं, कुठलंही पाणी लेन्सला लावायचं नाही. अकांथअमीबा नावाचा जीव पाण्यात असतो, त्याचं कवच इतकं चिवट की क्लोरीनलाही दाद देत नाही. तो एकदा बुबुळात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात, सुरुवातीला दर तासाला ड्रॉप, रात्रीसुद्धा. आणि वेदना अशा की पेशंट अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. लोक समजतात नर्मदेचं पाणी शुद्ध, चंबळचं पाणी शुद्ध. प्यायला असेल, लेन्सला नाही.

मी नव्या माणसाला लेन्स देताना जे करते ते सांगते, उपयोग झाला तर बघा. ट्रायल लेन्स घालून वीस मिनिटं बाहेर बसवते. मग स्लिट लॅम्पखाली पापणी मिटायला लावते आणि लेन्स किती सरकते ते बघते. खालच्या पापणीने हळूच वर ढकलली तर ती सहज सुटून परत जागेवर यायला हवी. अडून बसली तर बाक बदलायचा. हे झालं की त्याच्या हातून लेन्स काढून घेते. माझ्या हातून नाही, त्याच्या. स्वतः तीनदा काढता-घालता येईपर्यंत लेन्स घरी जात नाही. कालच एक मुलगा नखाने काढायला गेला, त्याला आधी नखं कापून या म्हटलं. डबीतलं सोल्यूशन रोज ओतून द्यायचं, उरलेल्यात नवं मिसळायचं नाही. डबी सोल्यूशननेच धुवायची, उपडी वाळवायची, तीन महिन्यांत फेकून द्यायची. तळहातावर लेन्स ठेवून बोटाने चोळायची, बाटलीवर "नो रब" लिहिलेलं असलं तरीही. २००६ मध्ये एका सोल्यूशनमुळे फ्युजेरियम बुरशीची इन्फेक्शन झाली आणि ते जगभरातून मागे घ्यावं लागलं, तेव्हापासून चोळण्यावर आम्ही जास्त जोर देतो.

म्हणून माझं मत असं: चिठ्ठी हवी, पण चिठ्ठीवर "घालणे, काढणे, धुणे शिकवले" अशी ओळ हवी, खाली शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची, दोघांची सही. नुसत्या पॉवरच्या चिठ्ठीने डोळा वाचत नाही.

एक विनंती. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, यांतलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. सूडोमोनास नावाचा जंतू असेल तर तो बुबुळ दोन दिवसांत विरघळवतो. सोमवारी बघू म्हणायला वेळ नसतो.

---

बऱ्हाणपूरची_आई

माझी मुलगी इंदूरला भंवरकुआंला पीजीत राहते. हे वाचून तिला फोन केला. तिच्याकडे रंगीत लेन्स आहे, ऑनलाइन मागवलेली, आणि खोलीतल्या तिघी आलटून पालटून घालतात म्हणे! गरब्याला, बर्थडेला. आज रात्रीच फेकून दे म्हटलं तर रडायला लागली, पैशाची घेतलीय म्हणून. तिला डॉक्टरकडे पाठवू का तुमच्या दुकानात?

---

वैशाली_रामबाग

काकू, डोळा लाल नसेल, दुखत नसेल तर तिघींनाही दुकानात पाठवा, तपासते. पैसे घेणार नाही. लाल असेल तर आधी डॉक्टर. लेन्स मात्र आजच फेकायला सांगा, डबीसकट.

ग्वाल्हेरच्या ताई, तुमची दोन सह्यांची ओळ मी जशीच्या तशी उचलतेय.

काल रात्री दुकान बंद केल्यावर बाबा, हे आणि मी बसलो. तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट बाबांना वाचून दाखवल्या. निमाडी दादांची त्यांनी पुन्हा वाचायला लावली. ठरलं ते असं. जो पहिल्यांदा लेन्स घेतोय त्याला ट्रायलशिवाय आणि शिकवल्याशिवाय लेन्स मिळणार नाही, नंबर असो वा नसो, रंगीत असो वा साधी. चष्म्याची चिठ्ठी लेन्ससाठी चालणार नाही. जो आधीपासून वापरतोय त्याने वर्षाच्या आतली लेन्सची चिठ्ठी किंवा कार्ड आणायचं, कुणाचंही चालेल, आमचंच हवं असं नाही. चिठ्ठी अर्धवट असेल तर जुनं पाकीट आणायचं, त्यावर पॉवर, बेस कर्व्ह, डायमीटर सगळं छापलेलं असतं. मग मी डोळ्यावर बघेन आणि ते बरोबर बसत असेल तर पूर्ण कार्ड लिहून देईन.

कार्डावर दोन्ही डोळ्यांची पॉवर, सिलेंडर असेल तर अ‍ॅक्सिससकट, बेस कर्व्ह, डायमीटर, कंपनीचं आणि लेन्सचं पूर्ण नाव, किती दिवसांनी बदलायची, आणि तपासणीची तारीख. एकही रकाना रिकामा नाही. वर एक ओळ: हे कार्ड तुमचं आहे, लेन्स कुठूनही घ्या. या ओळीला आमचे हे तयार नव्हते. ट्रायलला माझी अर्धी-पाऊण घटका जाते आणि माल दुसरा विकतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून ट्रायलचे पैसे वेगळे घ्यायचे ठरवलं, लेन्सच्या भावात ते लपवायचे नाहीत. जो कार्ड घेऊन ऑनलाइन घेईल त्याच्याकडे मी तोंड वाकडं करणार नाही, आणि पुढच्या वर्षी तपासायला तो माझ्याकडे यावा म्हणून काम नीट करेन.

बाबांनी एक भर घातली. रंगपंचमीच्या आधीचा आठवडाभर प्रत्येक लेन्सवाल्याला सांगायचं की गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, लेन्स घालून जायचं नाही. टँकरचं पाणी, वरून गुलालाचे फवारे, लेन्स तो रंग धरून ठेवते आणि बुबुळाला लावून बसते. त्या दिवशी जुना चष्मा. ही सूचना बाबा स्वतः लिहून काउंटरवर चिकटवणार आहेत.

बाहेरगावच्या लोकांसाठी: कार्डाचा फोटो पाठवा, मुदतीत असेल तर लेन्स बसने पार्सल करू. सेंधव्याच्या बसवाल्यांशी आमचे हे बोलतील.

---

निमाडी_माणूस

ताई, "लेन्स कुठूनही घ्या" हे तुम्ही लिहून देणार असाल तर माझा विरोध संपला. पुढच्या शनिवारी मालाच्या खरेदीला सियागंजला यायचंच आहे, तेव्हा दुकानात येतो. त्या दिवशी लेन्स काढून येऊ की घालून? आणि बरोबर काय आणू?

---

वैशाली_रामबाग

घालूनच या दादा, निदान तीन-चार तास डोळ्यात असू द्या, म्हणजे संध्याकाळी ती कशी बसते ते कळेल. बरोबर चष्मा आणा, डोळा तपासताना लेन्स काढावी लागेल आणि थेंब घातला तर लगेच परत घालता येणार नाही. रिकामं पाकीट, सध्याची डबी आणि सोल्यूशनची बाटली, तिन्ही आणा. डबी धुऊन आणू नका, आहे तशी आणा. पडदा बघायचा असेल तर बाहुली मोठी करणारा ड्रॉप डॉक्टर घालतील, मग काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि ऊन सोसवत नाही, तेव्हा सियागंजची खरेदी आणि पावत्या आधी उरका. मोटारसायकलने येऊ नका, बसने या.